धरलेला हात

आमच्या मामींच्या देवघरात, बाळकृष्णाच्या मूर्तीमागे, घडी घातलेला एक कागद गेली अकरा वर्षे ठेवलेला आहे. सणावारी देव घासायला काढले की तोही बाहेर निघतो, पाटावर बाजूला बसतो आणि देवांबरोबर पुन्हा आत जातो. त्यावर निळ्या खडूने, कुठे थोराड तर कुठे किरट्या अक्षरांत, एवढेच लिहिले आहे : ‘आई, तू फार दमतेस. मला सगळे कळते.’

हे माझ्या मामेभावाने लिहिले, असे आमच्या साऱ्या गोतावळ्यात मानले जाते. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे आता चाळिशी ओलांडलेला. जन्मतःच मेंदूला इजा झाली. चालतो तो पाय फरफटत, बोटे आखडलेली, आणि बोलणे असे नाहीच. तीनचार प्रकारचे हुंकार आहेत, त्यांचे अर्थ मामी जाणतात. आमच्या लहानपणी अशांना सरसकट मतिमंद म्हणत. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला हे बरेच झाले. पण घरात त्याला ‘बाळ’ म्हणत ते अजून म्हणतात. कानशिले पांढरी झालेल्या माणसाला बाळ म्हणताना आमच्यापैकी कुणाची जीभ कधी अडखळली नाही, आणि या लेखातही मी त्याला बाळच म्हणणार आहे. सवय मोठी चिवट असते.

ती पाडव्याची दुपार होती. फराळाची ताटे उचलून झाली होती, मामा आरामखुर्चीत पेंगत होते आणि मुलांच्या रंगीत खडूंशी बाळ खेळत होता. मी शाळामास्तर. आखडलेल्या मुठीत खडू दिसला की ती मूठ आपल्या हातात घ्यावी असे मला आपोआप वाटते. पहिलीतल्या मुलांचे हात धरून ‘ग म भ न’ गिरवून घेण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत. मी बाळाच्या मनगटाला आधार दिला, मग मूठच धरली. ‘आ’ उमटला. मग वेलांटी फिरली. मनात मी वाक्य जुळवले नव्हते, हे आजही देवाशपथ सांगतो. एक अक्षर झाले की पुढचे कोणते ते त्याच्या हातातून माझ्या हाताला कळल्यासारखे होई. ओळ पुरी झाली तेव्हा माझे अंग घामाने भिजले होते. मामी ती ओळ वाचून मटकन खालीच बसल्या. इतकी वर्षे भावंडांचा अभ्यास कानावर पडत होता, त्यातून शिकला असेल, असे कुणीतरी म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटले. मलाही पटले.

एवढ्यावर थांबते तर बरे होते. दुसऱ्या दिवशी मामांनी बाळाला एक प्रश्न विचारला. साताऱ्याला अशा मोठ्या माणसांसाठी दिवसाची एक कार्यशाळा होती. कागदी पिशव्या करणे, पणत्या रंगवणे असली कामे तिथे चालत. वर्षभर खेपा घालून मामांनी बाळासाठी जागा मिळवली होती, पण त्याला तिथे करमेल का, या विचाराने ते घुटमळत होते. ‘बाळा, तुला तिकडे जायचं, का इथंच राहायचं?’ मी मूठ धरली. कागदावर ‘इथेच’ उमटले. मामांनी दुसऱ्याच दिवशी कार्यशाळेला नकार कळवला. त्यानंतर नऊ वर्षे बाळ वाईच्या घराच्या ओट्यावर बसून राहिला.

पुढे एका कादंबरीत मला न बोलणारे पात्र घालायचे होते, म्हणून मी थोडे वाचू लागलो, आणि आमच्या माजघरात घडले त्याला परदेशात नाव आहे, त्याचा एक पंथ होऊन गेला आहे आणि त्यापायी लोकांनी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आहेत, हे मला कळले. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरी रोझमेरी क्रॉसली या बाईंनी एका रुग्णसंस्थेतल्या ॲन मॅकडोनल्ड या मुलीचा हात धरून तिला अक्षरांच्या तक्त्यावरून शब्द जुळवायला लावले. ॲन तीन वर्षांची असल्यापासून तिथे पडून होती. जमिनीवर लोळण्यापलीकडे तिला आयुष्य नव्हते. १९७९ साली न्यायालयाने तिला संस्था सोडण्याचा हक्क दिला. दोघींच्या नावावर पुस्तक निघाले, १९८४ साली त्यावर चित्रपट झाला. त्या मुलीला तिथून बाहेर काढले हे पुण्याचेच काम झाले, याबद्दल मला शंका नाही. मात्र ते शब्द कुणाचे, हा वाद तेव्हा सुरू झाला तो क्रॉसलीबाई २०२३ साली वारल्या तरी मिटलेला नव्हता.

सिराक्यूस विद्यापीठाचे डग्लस बिक्लेन यांनी ही रीत अमेरिकेत नेली. १९९० साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि वणवा पेटावा तशी ती पसरली. ज्या मुलांनी कधी ‘पाणी’ म्हटले नव्हते ती मदतनिसाने हात धरताच कविता टंकू लागली. आईबापांना काय वाटले असेल ते मला कुणी सांगायला नको. मामींना मटकन बसताना मी पाहिले आहे.

मग काही लोकांनी एक साधी गोष्ट केली. न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक या संस्थेत तरुण आणि प्रौढ वयाचे १२ जण आणि त्यांचे हात धरणारे ९ मदतनीस यांना बसवून मध्ये आडोसा उभा केला. दोघांना वेगवेगळी चित्रे दाखवायची आणि ‘काय दिसले ते लिही’ म्हणायचे. १९९३ साली निकाल छापून आला. मदतनिसाला न दिसलेल्या चित्राचे नाव एकदाही बरोबर आले नाही. उत्तर आले ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचे.

त्याच सुमारास मेन राज्यात याहून भयंकर प्रकार झाला. जॅनिस बॉइन्टन नावाच्या वाचातज्ज्ञ बाई एका न बोलणाऱ्या मुलीचा हात धरीत असता तिच्या घरच्यांवर अत्याचाराचे आरोप उमटले, आणि मुलीला घरापासून दूर ठेवण्यात आले. तेव्हा बॉस्टनचे हॉवर्ड शेन यांनी परीक्षा घेतली. मुलीला चावी दाखवली, बाईंना कप. कागदावर आले ‘कप’. आरोप खोटे होते. या बाई लबाड नव्हत्या. मुलीवर त्यांची माया होती, आणि आपण हात ढकलतो आहोत याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांनी ते काम सोडले आणि पुढे स्वतःच्या नावाने ही सारी हकिगत लिहून प्रसिद्ध केली. माझ्या वाचनात आलेल्या धैर्याच्या गोष्टींत मी तिला वरचे स्थान देतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९९४ साली ही रीत शास्त्राने सिद्ध झालेली नाही असा ठराव केला. तरी ती मेली नाही. नवी नावे घेऊन अजून चालते.

आपण न कळत हात ढकलतो हे आपल्याकडे कुणाला नवे वाटू नये. मे महिन्याच्या सुट्टीत, वाड्याच्या माडीवर, उदबत्ती लावून प्लँचेटची वाटी कुणी फिरवली नाही? वाटीवर तिघांची बोटे असतात, तिघेही शपथ घेतात की मी नाही ढकलली, आणि वाटी बरोबर वारलेल्या आजोबांच्या भाषेत बोलते. मायकेल फॅरडे यांनी १८५३ सालीच, भुते मेज हलवतात म्हणणाऱ्यांचे हात आणि मेज यांच्यामध्ये सरकणारे पुठ्ठे घालून, आधी हात सरकतात आणि मग मेज, हे दाखवून दिले होते. आजोबांच्या वाटीने कुणाचे फारसे बिघडत नाही. आजोबांचे सगळे होऊन गेलेले असते. जित्या माणसाचे मात्र सगळे व्हायचे असते.

हे वाचल्यावर मी देवघरातला कागद आठवून पाहिला, आणि ते वाक्य कुणाचे हे मला परीक्षेवाचून समजले. माझ्या तीन कादंबऱ्यांतल्या तीन बायका ‘फार दमतात’. ‘सगळे कळते’ हा तर माझ्या प्रत्येक अबोल पात्राचा पेटंट उद्गार. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालणे हा माझा धंदाच, आणि धंद्याची सवय पाडव्याच्या दिवशी सुटी घेत नाही. पात्रे तक्रार करीत नाहीत. बाळानेही केली नाही. पण मला आता आठवते, ‘इथेच’ लिहून झाल्यावर त्याने मूठ माझ्या हातातून ओढून घेतली होती, आणि मी म्हणालो होतो, ‘दमला बिचारा.’

या बाबतीत दुसरी बाजूही वजनदार आहे आणि ती मला झटकून टाकायची नाही. ॲन डोनेलन या विदुषींनी १९८४ साली असा विचार मांडला की पुरावा नसेल तेव्हा असे धरून चालावे, जे चुकीचे ठरल्यास त्या माणसाचे कमीत कमी नुकसान होईल. त्याला कळते असे समजून बोललो आणि कळत नसले, तर बिघडले काय? कळत नाही असे समजून बोलणेच टाकले आणि कळत असले, तर? हा सवाल कोणाही शिक्षकाला मान खाली घालायला लावील. मुंबईच्या मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली ती याच विचाराच्या बळावर. त्यांची कन्या मालिनी चिब. त्यांचे बोलणे परक्याला उमगत नाही. त्यांनी एका बोटाने टंकून टंकून इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नावही त्या छोट्या बोटाचेच दिले. बोलता न येणे म्हणजे बुद्धी नसणे असे मानणाऱ्यांनी ते वाचावे. पण ते बोट कुणी धरलेले नव्हते. त्याला कळत असेल असे धरून चालणे वेगळे, आणि हे शब्द त्याचेच आहेत असे धरून चालणे वेगळे. पहिल्याने त्याला माणसात बसवतो. दुसऱ्याने, चूक निघाली तर, त्याच्या जागी आपण जाऊन बसतो. मी घोटाळा केला तो इथे.

मामा वारले, मामींनी सत्तरी ओलांडली, तेव्हा आम्ही बाळाला पुण्याला एका वाचोपचार करणाऱ्या बाईंकडे नेऊ लागलो. याला दीड वर्ष झाले. मला वाटले, बाई पेटीतून एखादे यंत्र काढतील. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच काढले नाही. दोन तास नुसते पाहिले, आणि मामींना विचारले : पाणी हवे असले की काय करतो? राग आला की? पाहुणा नकोसा झाला की? मामी सांगत गेल्या, बाई लिहीत गेल्या. चाळीस वर्षांत कुणी न केलेली ती यादी दोन पाने झाली.

पुढच्या खेपेला चित्रे आली. चहाची कपबशी आणि एक रिकामी डबी, असे दोन फोटो समोर ठेवले. बाळाने डबीवर हात ठेवला. बाईंनी डबी दिली. ‘अहो, त्याला चहा हवाय!’ मामी कळवळल्या. बाई म्हणाल्या, ‘असेल. पण त्यानं मागितलं ते मिळालं नाही, तर मागण्याचा उपयोग असतो हे त्याला कसं कळेल? आणि नको असेल तर नको म्हणायला वाव मिळू द्या.’ मग त्यांनी फोटोंच्या जागा बदलल्या. तेव्हा लक्षात आले की बाळ उजवीकडे असेल त्यावर हात ठेवतो, चित्र कोणतेही असो. तिसऱ्या खेपेपासून तो दोन्हींकडे पाहू लागला.

मग बाईंनी मामींना त्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितले. मामींना ते लागले. ‘माझ्यावर संशय आहे का?’ ‘संशय नाही हो,’ बाई म्हणाल्या, ‘तो आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग हात उचलतो. तुम्हाला आवडेल ते तो दाखवतो.’

दारी येणारा नंदीबैल आम्ही लहानपणी पाहिला आहे. पाऊस पडेल का? मान हलते. मुलगा पास होईल का? मान हलते. १९८१ साली अमेरिकेत कॅरल सिगेलमन आणि त्यांच्या सोबत्यांनी बौद्धिक दिव्यांग माणसांना एकच गोष्ट दोन उलट तऱ्हांनी विचारून पाहिली, तेव्हा बरेच जण दोन्हींना ‘हो’ म्हणाले. त्यात आश्चर्य कसले? ज्याचे जेवणखाण, कपडे, उठणेबसणे दुसऱ्याच्या मर्जीवर, तो ‘हो’ म्हणायलाच शिकतो. म्हणून साधनाची पारख करताना ‘हो’ किती वेळा आले यापेक्षा ‘नको’ येते का, हे आधी पाहावे असे बाईंचे मत होते. हे मला फार पटले. शाळेतही जो मुलगा कधीच ‘मला समजले नाही’ म्हणत नाही, त्याला काय येते ते मास्तरला शेवटपर्यंत कळत नाही.

साधनांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे; एकच गोष्ट सांगतो. चार्ल्स ब्लिस नावाचे गृहस्थ १९३८ साली नाझींच्या छळछावणीत होते. सुटून शांघायला गेले आणि तिथे चिनी लिपी पाहून त्यांनी सगळ्या जगाला एक करणारी चित्रलिपी रचायला घेतली. १९४९ साली पुस्तक काढले. जगाने लक्ष दिले नाही. १९७१ साली टोरांटोतल्या शिक्षिकांनी ती चिन्हे न बोलणाऱ्या अपंग मुलांपुढे ठेवली आणि मुले त्यांतून बोलू लागली. ब्लिस आधी आनंदले, मग शिक्षिका माझी चिन्हे बदलतात म्हणून वर्षानुवर्षे भांडत राहिले. वाणी देणाऱ्याला तीवरचा हक्क सोडवत नाही, हे त्या भल्या माणसावरून दिसते.

आज साधने उदंड आहेत. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले ‘जेलो’ टॅबवर चालते, चित्राला बोट लावले की मराठीतही बोलते. बाईंनी ते दाखवले तेव्हा बाळापाशी एक परका आवाज ‘मला भूक लागली आहे’ म्हणाला, आणि मामी दचकून मागे सरकल्या. बाळालाही ते रुचले नाही; त्याने पुठ्ठ्याचा तक्ता ओढला. तो पसंत करण्याचा हक्क त्याचाच. २०१६ सालच्या दिव्यांग हक्कांच्या कायद्याने असल्या पर्यायी साधनांनाही संवादाच्या व्याख्येत घेतले आहे. व्याख्येत पुठ्ठा कमी आणि टॅब जास्त असे काही नाही.

चार महिन्यांनी बाईंनी निकाल सांगितला. चोवीस चित्रांपैकी सहा बाळ स्वतःहून, जागा बदलल्या तरी, आणि मामी समोर नसतानाही, खात्रीने वापरतो : चहा, पाणी, रेडिओ, मामींचा फोटो, नको, आणि एस.टी. अक्षर त्याला एकही ओळखता येत नाही.

खरे सांगायचे तर माझा पहिल्यांदा हिरमोड झाला. ‘मला सगळे कळते’ इथून आम्ही ‘चहा’वर आलो होतो. पण एस.टी.ने मला झोपू दिले नाही. ते चित्र तो दिवसातून कितीदा तरी दाखवी. मामी म्हणाल्या, ‘लाल रंग आवडतो त्याला.’ बाईंनी पांढऱ्या गाडीचा फोटो ठेवला, मग रंग नसलेला ठेवला, हात तिथेच. त्याला वाईच्या स्टँडवर नेले तेव्हा तो उभ्या गाडीच्या पायरीवर जाऊन बसला आणि उतरेना. त्याला कुठे जायचे होते, की नुसते गाडीत बसायचे होते, हे सांगण्याजोगे चित्र आमच्याजवळ नव्हते. म्हणजे पुन्हा मी त्याचा अर्थ लावू नये. पण अकरा वर्षांपूर्वी त्याच्या नावाने ‘इथेच’ कुणी लिहिले, हे मला माहीत होते.

मामी तांदूळ निवडत होत्या तेव्हा मी सांगून टाकले. ‘मामी, देवघरातला कागद मी लिहिला होता.’

‘ठाऊक आहे,’ त्या सुपातून डोळे न काढता म्हणाल्या. ‘तुझ्या ‘ळ’चा फराटा मला ओळखू येत नाही होय? माझ्याच घरी राहून शिकलास तू.’

‘मग ठेवलात कशाला?’

‘कुणीतरी लिहिलं ना ते! या घरात कधी कुणी म्हटलं होतं का मला, दमतेस म्हणून?’

मला पुढचे बोलायचे होते आणि तोंड उघडेना. शेवटी म्हणालो, ‘आणि ‘इथेच’ तेही.’

हा मात्र त्यांना धक्का होता. त्यांचा हात सुपातच राहिला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग सूप उचलून आत गेल्या. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला : साताऱ्याची ती कार्यशाळा अजून चालते का, तेवढी चौकशी करून कळव.

आता बाळ आठवड्यातून दोनदा एस.टी.ने साताऱ्याला जातो, शेजारचा एक मुलगा सोबत असतो. तिथे तो रमला असे मी म्हणणार नाही. पहिल्या महिन्यात दोनदा ‘नको’ दाखवून परत आला. ‘नको’ने घरात नवे तंटेही उभे केले. आकडीच्या गोळीला तो ‘नको’ दाखवतो, आणि गोळी तर द्यावीच लागते. मामी त्याला समोर बसवून सांगतात, ‘ऐकलं रे तुझं, पण हे नाही मानता येत.’ हा फरक त्याला कळतो की नाही, देव जाणे. मामींना तो करावा लागतो, एवढे मी पाहतो.

गेल्या दिवाळीत मी वाईलाच होतो. नरकचतुर्दशीची पहाट. बाहेर फटाके उडत होते, बंब तापला होता, पाटाभोवती रांगोळी होती. बाळ पाटावर बसला आणि मामी कोमट तेलाची वाटी घेऊन पुढे झाल्या. बाळाने गळ्यातल्या दोरीला अडकवलेल्या तक्त्यावर हात ठेवला : नको. पोरे खिदळली. माझी बायको म्हणाली, ‘आजच्या दिवशी कुठं नको म्हणतात का?’ मामींनी तक्ता फिरवून पुन्हा पुढे धरला, न जाणो हात चुकून पडला असेल. तेव्हा ‘नको’ डावीकडे गेले होते. बाळाने शोधून तिथेच हात ठेवला. मामी वाटी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. बेचाळीस दिवाळ्या त्यांनी त्याला तेल लावले होते. मग त्यांनी वाटी रांगोळीच्या कडेला ठेवली. बाळाने हात ‘चहा’वर नेला. अभ्यंगाआधी त्या दिवशी आमच्या घरात कुणाला चहा मिळत नाही. मामींनी पदराला हात पुसले आणि आधण ठेवायला गेल्या.